उभ्या ट्रकचे लाकूड

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागले की पिंपळी-लिमटेक लागते, पुढे काटेवाडी, मग भवानीनगर आणि सणसर. या रस्त्याचे वर्ष दोन हंगामांत वाटलेले आहे. दसऱ्याच्या आगेमागे कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले की माळेगाव, भवानीनगर, बिजवडीकडे उसाची वाहने सुरू होतात ती उन्हाळा लागेपर्यंत. आणि पावसाच्या तोंडावर संत तुकाराम महाराजांची पालखी येते. काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचे रिंगण होते, आणि पालखीच्या मागेपुढे दिंड्यांचे ट्रक मैलभर लागलेले असतात.

दिंडीच्या त्या ट्रकांत जुन्या लाकडी हौद्याच्या गाड्या अजून दिसतात. ऊस संपला की मालक मिळेल ते भाडे घेतो, त्यातच दिंडीचेही भाडे येते. मग हौद्यावर लोखंडी कमानी चढतात, कमानींवर ताडपत्री, आत पिठाची पोती, पातेली, पखवाज, वळकट्या. रात्री वय झालेल्या वारकऱ्यांच्या पथाऱ्या तिथेच पडतात. अडीच-तीन आठवडे तो ट्रक म्हणजे एक घर असते. परदेशात ट्रकवर खोली चढवून हिंडणाऱ्यांची मोठी हौस आहे; आपल्याकडे हौस म्हणून नाही, तर गरज म्हणून ट्रकमध्ये राहण्याची रीत जुनी आहे. तमाशाचे फड तसेच फिरले. नारायणगावच्या राहुट्यांत सुपारी ठरायची आणि पुढचे महिने फडाचा संसार ट्रकच्या हौद्यात. जत्रांमधून हिंडणाऱ्या टूरिंग टॉकीजचेही तेच. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 2016 साली ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, त्यात महाराष्ट्रातले हे फिरते तंबू आणि त्यांचे थकलेले ट्रक पाहायला मिळतात. 2021 मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले तेव्हा ही सगळी मंडळी कुणाला आठवली असतील असे वाटत नाही.

या गाड्यांच्या बाहेरच्या लाकडाचे काय करायचे, हा तसा छोटा प्रश्न. पण त्यावर सुतार मिस्त्री, रंगारी, वेल्डर आणि मालक या चौघांची चार मते असतात. मिस्त्री म्हणतो फळी बदला. रंगारी म्हणतो लांबी भरून दोन हात मारले की झाले. वेल्डर म्हणतो वरून पत्रा ठोकतो, पुन्हा बघायला नको. मालक म्हणतो, यंदाचे पासिंग निघू द्या, पुढच्या वर्षी पाहू. माझ्या मते यांत सर्वांत महाग सल्ला वेल्डरचा आहे. तो का, हे कळायला लाकूड मुळात कुजते कसे ते पाहावे लागेल.

त्याआधी थोडे मागचे. आपल्याकडे ट्रक कारखान्यातून पूर्ण बनून येत नसे. टाटा आणि डेमलर-बेंझ यांचा करार 1954 सालचा; त्या ट्रकपासून पुढे कित्येक दशके गिऱ्हाइकाला मिळायची ती चेसिस, इंजिन आणि समोरचा तोंडवळा. केबिन आणि हौदा बांधायचा तो रस्त्याकडेच्या बॉडीवाल्याने. या धंद्यात मूळचे सुतार खूप. गावगाड्यात बैलगाडी करणारा, तुंबा-आरे-पाटे जुळवणारा हात एका पिढीत ट्रकच्या फाळक्याकडे वळला. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी नगरहून पुण्याला आली. तिची बॉडीही लाकडी होती आणि छत कापडी, असे एसटीच्या इतिहासात सांगतात. म्हणजे लाकडी बॉडी ही मागासलेपणाची खूण नव्हती, तीच रीत होती. इंग्लंडमध्ये 1953 ते 1971 या काळात निघालेल्या मॉरिस मायनर ट्रॅव्हलर मोटारीचा मागचा सांगाडा ॲश झाडाच्या लाकडाचा आहे आणि तो शोभेचा नाही, भार घेणारा आहे. तो कुजला तर तिथल्या वार्षिक तपासणीत गाडी नापास व्हायची. अमेरिकेत लेखक जॉन स्टाइनबेक 1960 साली पिकअपवर चढवलेल्या खोलीतून देश हिंडला. ती गाडी आज कॅलिफोर्नियातल्या सलिनास गावी संग्रहालयात, छपराखाली आहे. तिच्यासारख्या उघड्यावर राहिलेल्या जुन्या खोल्यांची मात्र एकच तक्रार असते: वर ॲल्युमिनियमचा पत्रा चकचकीत, आणि आत लाकडी पट्ट्यांचा भुगा. आपल्या वेल्डरचा सल्ला हेच घडवून आणतो.

आता लाकूड. लाकूड पाण्याने कुजत नाही, बुरशीने कुजते. बुरशीला हवा लागते, ऊब लागते, खायला लाकूड लागते आणि ओल लागते. पहिल्या तीन गोष्टी आपल्या हातात नाहीत, चौथी आहे. लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांखाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. जोमाने पसरायला तिला 28-30 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याने तुडुंब होतील इतकी ओल लागते.

बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेतला मुलूख. वर्षाचा पाऊस साधारण 500 मिलिमीटरच्या आसपास, तोही थोडा जूनमध्ये आणि बराचसा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या सरींत. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत उघडे लाकूड सुकून 6-7 टक्के ओलीवर येते. भर पावसाळ्यात, पाणी प्रत्यक्ष न लागता, नुसत्या दमट हवेने ते 15-16 टक्क्यांपर्यंत चढते. हे दोन्ही आकडे 20 च्या खाली आहेत. आपल्या भागातली हवा लाकूड कुजवू शकत नाही, ही गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. एखादी सर आली, फळी भिजली, दुसऱ्या दिवशी वारा लागून सुकली, तर तिचे काही बिघडत नाही. पिंपळीतल्या ट्रकची फळी कुजली असेल तर पाणी आत जाऊन अडकले आहे, आणि ते बहुतेक वेळा आपणच अडकवले आहे.

कोकणात गोष्ट वेगळी. तिथे हवाच महिनोन्‌महिने ओली असते. म्हणून रत्नागिरीच्या होडीवाल्याचा उपाय बारामतीच्या ट्रकला जसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही. आपल्याकडे लाकडाचा खरा शत्रू ऊन आहे आणि पाणी त्याच्या मागोमाग येते. उन्हातले अतिनील किरण लाकडातल्या लिग्निनचे, म्हणजे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणाऱ्या द्रव्याचे, तुकडे पाडतात. वरचा थर राखाडी होतो, मऊ पडतो, रंगाची पकड सुटते. शिवाय मे ते जुलै या दोन महिन्यांत फळी आकसलेली असते ती फुगते. आठ इंच रुंदीची सागवानी फळी या काळात दोन-तीन मिलिमीटर रुंद होते. ही हालचाल आडवी असते, लांबीत जवळजवळ शून्य. फळीला दोन्ही कडांनी बोल्टने जखडले तर ती फुगताना वाकते आणि आकसताना मधोमध तडकते. जुन्या मिस्त्रींनी दोन फळ्यांत नखभर फट सोडलेली असते ती आळसाने नव्हे. पुढे कुणीतरी ‘पाणी जाते’ म्हणून ती फट एम-सीलने बुजवतो, पावसात फळी फुगायला जागा मागते, आणि फाळक्याचा सांधा उकलतो.

पाणी शिरते कुठून? पहिले ठिकाण फळीचे टोक. लाकूड म्हणजे उसाच्या मोळीसारखी उभ्या नळ्यांची जुडी. बाजूने पाणी हळू मुरते, टोकातून सरळ ओढले जाते. फाळक्याच्या खालच्या फळीची टोके, उभ्या खुंटांचे बूड, कमानींच्या खाचा ही पहिली तपासायची जागा. दुसरे ठिकाण बोल्टचे भोक. बाभूळ आणि साग दोन्हींत टॅनिन असते. बाभळीच्या सालीने तर कातडी कमावतात. ओल्या लाकडात टॅनिन आणि लोखंड भेटले की भोकाभोवती निळसर काळा डाग उतरतो. तो डाग रंगाने झाकायचा नसतो, वाचायचा असतो: इथून पाणी आत जाते आहे. बोल्ट गंजतो, गंज फुगतो, भोक मोठे होते, आणखी पाणी जाते. तिसरे ठिकाण चेसिसच्या लोखंडी चॅनेलवर बसलेली लाकडाची लांब जाड पट्टी. तिच्यावर सगळा हौदा बसतो आणि ती कुणालाच दिसत नाही. चौथे, हौद्याच्या तळातल्या फटी. ऊस वाहणाऱ्या ट्रकमध्ये तिथे पाचटाचा चुरा, माती आणि रसाचा चिकटा यांचा गच्च थर बसतो. हा थर पावसाळाभर ओला राहतो. हंगाम संपल्यावर ट्रक धुऊन घेतात खरे, पण पाण्याच्या जोराने हा थर फटीत आणखी खोल जातो. लोखंडी पट्टीने फटी कोरड्याच खरवडून काढल्या तर हौद्याचे निम्मे आयुष्य वाचते.

पाचवे ठिकाण म्हणजे वेल्डरने ठोकलेला पत्रा. पत्रा दिवसा तापतो, रात्री गार होतो, त्याच्या आतल्या अंगाला दव धरते. खिळ्यांच्या भोकांतून शिरलेले पावसाचे पाणी बाहेर पडायला वाट नसते. वर रंग ताजा, आत 30 टक्के ओल, ऊब आणि अंधार. बुरशीला याहून चांगली जागा कुठली? वर्ष-दोन वर्षांनी पत्र्यावर बोटाने टिचकी मारली की पोकळ आवाज येतो.

वाळवीचे भय ट्रकला तसे कमी. जमिनीतली वाळवी मातीशी नाळ तुटली की जगत नाही, आणि चालता ट्रक नाळ जोडू देत नाही. पण बांधावर वर्षभर उभी केलेली, चाकांची हवा गेलेली, गवतात हौदा टेकलेली गाडी तिला आयतीच सापडते. बारीक भोके पाडून पिठासारखा भुसा सांडणारा किडा वेगळा. तो बहुतकरून गाभ्याला हात लावत नाही, सालीलगतचे पांढरे लाकूड खातो. स्वस्तातल्या फळीत हेच पांढरे लाकूड अर्धेअधिक असते.

तपासणीला यंत्र लागत नाही. टोकदार आरी किंवा जुना पेचकस घ्यायचा आणि वरच्या पाच ठिकाणी दाबून पाहायचे. चांगल्या लाकडात टोक शिरत नाही आणि उचकटले तर लांब कूस निघते. कुजलेल्यात ते सहज घुसते आणि तुकडा आखूड तुटतो. हातोडीच्या दांड्याने ठोकत गेले तर आवाजही फरक सांगतो. लाकडाची ओल मोजणारे दोन सुयांचे छोटे मीटर आता बाजारात सहज मिळते. रंग लावण्याआधी ते एकदा टोचले, तर रंगाच्या डब्याचे पैसे वाया जाणार नाहीत.

दुरुस्तीत सगळ्यांत अवघड काम म्हणजे पुरेसे कापणे. कुजलेला भाग दिसतो त्याच्या पलीकडे बोटभर लांबीपर्यंत बुरशीचे धागे गेलेले असतात. मिस्त्रीचा हात तिथे आखडतो, कारण मालक शेजारी उभा असतो. पटाशीने टणक लाकूड लागेपर्यंत उकरायचे, मग सरळ कडांचा चौकोन पाडून त्याच जातीच्या, तितक्याच सुकलेल्या लाकडाचे ठिगळ बसवायचे, रेषा फळीच्या रेषेशी जुळवून. लांब पट्टीचे टोकच गेले असेल तर नवा तुकडा तिरक्या कापाने जोडायचा. जाडीच्या आठपट लांब उतार दिला तर सांधा भार घेतो. दोन इंची जाडीला सोळा इंच. हे ऐकून मालक दचकतात, कारण त्यात चांगले लाकूड वाया गेल्यासारखे दिसते. सरळ कापून दोन पट्ट्या ठोकलेला सांधा मात्र उसाच्या पहिल्याच खेपेला हलायला लागतो.

एम-सील, अरॅल्डाइट आणि त्यांच्या भाईबंदांबद्दल, म्हणजे इपॉक्सीबद्दल, टोकाची मते आहेत. होड्या बांधणाऱ्यांनी इपॉक्सीचा फार चांगला उपयोग केला आहे हे खरे, पण त्यांचे लाकूड आधी कोरडे केलेले आणि सगळ्या बाजूंनी मढवलेले असते. ट्रकच्या बोल्टचे मोठे झालेले भोक भरायला, एखादी गाठ निसटलेली खळगी बुजवायला इपॉक्सी उत्तम. भोक भरून, सुकवून, त्यातूनच पुन्हा नवे भोक पाडले तर बोल्टभोवती पाण्याला अडवणारी नळी तयार होते. पण कुजलेल्या भागावर वरून थापलेला गोळा हा पत्र्याचाच धाकटा भाऊ. तो फुगत नाही, लाकूड फुगते. दोन पावसाळ्यांत कडेने केसभर चीर जाते आणि ती चीर पाणी पिते.

लाकूड कोणते वापरावे? पैसे असतील तर सागाचा गाभा. त्यातल्या द्रव्यांमुळे वाळवी आणि बुरशी दोन्ही दूर राहतात आणि तो कमी हलतो. पण ‘साग आहे’ एवढे पुरत नाही. लवकर वाढवलेल्या कोवळ्या सागात पांढरे लाकूड जास्त असते, आणि ते आंब्याच्या फळीपेक्षा फार काही टिकत नाही. बल्लारशाच्या डेपोतून येणाऱ्या जुन्या झाडांच्या सागाला मान आहे तो गाभ्यामुळे. खुंट, आडवे दांडे, मार खाणारे भाग यांना आपली बाभूळ उत्तम. बैलगाडीचे तुंबे आणि आरे पिढ्यान्‌पिढ्या तिचेच झाले. ती जड आहे, कठीण आहे आणि सुकताना वाकते, म्हणून सुकलेलीच घ्यावी. निलगिरी स्वस्त आणि मजबूत, पण फार पिळते. तिचा ताजा ओंडका चिरून लगेच फाळक्याला लावला तर उन्हाळ्यात फाळक्याचे काय होते ते पाहण्यासारखे असते.

प्लायवूडबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. आयएस 710 च्या मरीन प्लायला 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात, म्हणून लोकांना वाटते की तो पाण्याला अमर आहे. ती परीक्षा मुख्यतः डिंकाची असते. थर सुटणार नाहीत, एवढे तिने ठरते. कापलेल्या कडेतून पाणी शिरत राहिले तर आतले लाकूड आपल्या गतीने बिघडतेच. ट्रकवर राहण्याची खोली बांधताना छताला प्लाय सोयीचा असतो, हलका असतो, पण प्रत्येक कापलेली कड आणि प्रत्येक भोक रंगाआधी इपॉक्सीने किंवा निदान पातळ प्रायमरच्या तीन-चार हातांनी पाजून घ्यायला हवे. नुसती ‘मरीन’ची मोहर वाचून कडा उघड्या सोडणारे पुष्कळ आहेत.

आता वरून काय लावायचे. या भागाकडे जुन्या काळापासूनचे ज्ञान भरपूर आहे आणि ते सगळेच टाकाऊ नाही. बिब्ब्याचे तेल घ्या. बिब्बा, काजू, आंबा आणि ज्याच्या चिकाची जपानी लाख होते ते झाड, ही सगळी एका कुळातली. बिब्ब्याच्या टरफलातल्या तेलात आणि त्या लाखेच्या चिकात जवळचे नाते असलेली रसायने आहेत. हवेत ती घट्ट होऊन टणक, काळा, किडीला नकोसा थर देतात. बैलगाडीला आणि नांगराला बिब्बा चोळणाऱ्यांना हे रसायन ठाऊक नव्हते, गुण ठाऊक होता. पण त्याच तेलाने अंगावर फोड उठतात, कुणाकुणाला फार वाईट. ज्या हौद्यात माणसे झोपणार आणि पीठ ठेवणार तिथे बिब्बा नको.

तेच डांबराचे. जमिनीत पुरायच्या खांबाचे बूड जाळून त्यावर डांबर लावणे हा शेतकऱ्याचा उपाय मातीशी भिडणाऱ्या लाकडाला योग्यच आहे. हौद्याच्या तळाला खालून, चेसिसच्या बाजूने, तो चालेल. वरून नको, उन्हात पाघळतो, वास मारतो, आणि त्यावर दुसरा कुठलाच रंग बसत नाही.

जळक्या ऑइलबद्दल थोडे कडक बोलायला हवे, कारण गॅरेजमध्ये ते फुकट मिळते आणि जवळपास प्रत्येक लाकडी हौद्याला कधी ना कधी चोपडलेले असते. ते पाणी झटकते हे खरे. पण ते कधीही सुकत नाही. धूळ धरते, कपडे खराब करते, पावसात थेंबाथेंबाने मातीत उतरते, आणि इंजिनात जळून तयार झालेली त्यातली काही द्रव्ये कर्करोगाला कारण ठरू शकतात. शिवाय एकदा ते मुरले की पुढे रंग आणि डिंक दोन्ही लाकडाला धरत नाहीत. उद्याच्या मिस्त्रीचा मार्ग आपण आजच बंद करतो. दिंडीच्या ट्रकला जळके ऑइल लावू नये, या एका मुद्द्यावर मी कुठलीही तडजोड सुचवणार नाही.

जवसाचे उकळवलेले तेल, रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात, ते या सगळ्यांत माझ्या दृष्टीने सर्वांत सरळ. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकते, लाकडात मुरते, पापुद्रा धरत नाही. म्हणून ते सोलत नाही, नुसते झिजते, आणि झिजले की काचपेपर फिरवून पुन्हा एक हात देता येतो. करडईचे तेलही याच सुकणाऱ्या जातीचे, फक्त सावकाश सुकते. शेंगदाण्याचे तेल मात्र सुकतच नाही, त्याने लाकूड चिकट राहते. एकट्या जवस तेलावर काळी बुरशी धरते आणि उन्हापुढे ते वर्षभर टिकत नाही, म्हणून त्यावर रंग हवाच. आणि एक धोका गंभीरपणे सांगायचा आहे. या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून ढिगात टाकली तर सुकताना निघणारी उष्णता साठून ती आपोआप पेट घेतात. फडकी उघडी पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या डब्यात टाकावीत.

ऑइल पेंट हा ट्रकचा खरा रक्षक. आपण त्याला सजावट समजतो. फुले, मोर, मागच्या फाळक्यावरची शेरोशायरी (‘हॉर्न ओके प्लीज’वर महाराष्ट्रात 2015 साली बंदी आली, ती बऱ्याच फाळक्यांना अजून कळलेली नाही) हे सगळे उन्हाच्या किरणांपुढचे चिलखत आहे. पारदर्शक पॉलिश आणि पीयू व्हार्निश दिसायला देखणे, पण किरण त्यातून आरपार जातात आणि थराखालचे लाकूडच सुटते. मग सगळा थर कागदासारखा उठतो. उघड्यावरच्या गाडीला रंगीत, अपारदर्शक रंगच हवा, आणि शक्यतो फिका. गडद रंगाची फळी मे महिन्यात हात लावू देत नाही इतकी तापते आणि जास्त हलते. रंगाच्या आधी सुटलेला थर खरवडणे, टोके आणि भोके वेगळी पाजणे, अस्तराचा हात आणि नंतर पातळ दोन हात. जाड एका हाताने हे काम होत नाही. फळीच्या आतल्या बाजूला मात्र बाहेरच्याइतका घट्ट थर देऊ नये. चुकून आत गेलेल्या ओलीला बाहेर पडायला एक बाजू मोकळी ठेवायची.

रसायनांत एक भारतीय नाव घ्यायलाच हवे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी 1933 च्या सुमारास तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण शोधले. लाकूड टिकवण्याची ती पद्धत पुढे जगभर पसरली. विजेचे खांब, कूलिंग टॉवर यांचे तिने कल्याण केले. पण आर्सेनिकमुळे अमेरिकेत 2003 च्या अखेरीला घरगुती वापरातून ती मागे घेण्यात आली, आणि ती मुळात दाबाखाली टाकीत मुरवायची पद्धत आहे, ब्रशने लावायची नव्हे. राहत्या हौद्यासाठी बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स यांचे गरम पाण्यातले द्रावण सौम्य आणि पुरेसे. ते ओलीबरोबर लाकडात खोल जाते, पण तसेच पावसाबरोबर धुऊनही निघते. म्हणून आधी बोरॅक्स, मग पूर्ण सुकवणे, मग रंग.

सांध्यांत भरायला सिलिकॉन नको. त्यावर रंग बसत नाही आणि ते एका बाजूने सुटले की पाण्याचे खिसे तयार होतात. ताणले जाणारे आणि रंग धरणारे पॉलियुरेथेन सीलंट बरे, तेही फक्त वरच्या सांध्यांना. खालचे सांधे उघडेच ठेवावेत, शिरलेले पाणी तिथून निघते. छताचा प्लाय बाहेर दोन बोटे पुढे काढून त्याच्या खालच्या अंगाला कडेलगत एक बारीक खाच पाडली तर पाणी मागे वळून भिंतीवर येत नाही, खाचेपाशी थेंब होऊन गळते. घराच्या छज्ज्याला गवंडी हेच करतो. ताडपत्रीही फळीला घट्ट चिकटवून बांधू नये. मधे वारा फिरेल एवढी जागा लाकडी पट्टी ठेवून करावी. आत स्वयंपाक होणार असेल तर ही जागा दुप्पट गरजेची, कारण भाताच्या पातेल्याची वाफ रात्रभर त्याच लाकडात मुरते.

उरतो तो मालकाचा प्रश्न: हे सगळे करण्यापेक्षा लोखंडी हौदा घेतला तर? उसासाठीच गाडी चालवायची असेल, तर घ्यावा. लोखंडी बॉडी मार खाते, वेल्डिंगने पटकन जुळते, आणि चांगले सुतार आता सहज मिळत नाहीत. पण राहण्यासाठी, तमाशाच्या फडासाठी, दिंडीसाठी लाकूड अजूनही श्रेष्ठ आहे. लोखंड उन्हात भट्टी होते आणि पहाटे दवाने पाझरते. लाकडाच्या हौद्यात झोपलेल्याला हा फरक सांगावा लागत नाही. लाकडी गाडी ठेवायची ती चेसिस आणि इंजिन धड असेल तरच. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या 52व्या कलमाप्रमाणे गाडीची मूळ रचना परवानगीशिवाय बदलता येत नाही. हौद्यावर कायमची खोली चढवणाऱ्याने करवत उचलण्याआधी आरटीओत जाऊन यावे.

गंमत अशी, की हा पासिंगचा दिवसच लाकडाचा घात करतो. तारीख जवळ आली की आदल्या आठवड्यात, मग तो भर पावसाळा का असेना, गाडी धुतात आणि ओल्या फळीवर रंग चढवतात. ओल आत बंद होते. मालकांना सांगणे एवढेच: फळ्या उकरायच्या, ठिगळे बसवायची आणि रंग द्यायचा तो एप्रिल-मेमध्ये, कारखाना बंद झाल्यावर आणि वारीचे भाडे लागण्याआधी. पासिंग पावसाळ्यात येत असेल तर त्या वेळी फक्त नंबर, पट्टे आणि रिफ्लेक्टर करून घ्यावेत, फळ्यांना ब्रश लावू देऊ नये.